रग्बी लीगमधील प्रॉपची कारकीर्द कशावरून जोखावी?

प्रश्न

गेली तीन वर्षे मी ऑस्ट्रेलियातील एनआरएल आणि इंग्लंडमधील सुपर लीग या दोन्ही स्पर्धा नियमितपणे पाहत आहे. ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे) करणाऱ्या विंगरची, म्हणजे कडेने धावणाऱ्या खेळाडूची, आणि डाव रचणाऱ्या हाफबॅकची कामगिरी आपोआप नजरेत भरते. परंतु ८ आणि १० क्रमांकाची जर्सी घालणारे, पुढच्या फळीतील दोन धिप्पाड प्रॉप नेमके काय साधतात, हे गुणफलकावरून कळत नाही. दहा-बारा हंगाम खेळलेल्या प्रॉपच्या नावावर मोजकेच ट्राय असतात, तरीही जाणकार त्याचे नाव आदराने घेतात, ते कशाच्या आधारावर? शिवाय एवढ्या वजनाचे गडी तिशीनंतर अधिक चांगले कसे खेळतात?

पहिले उत्तर

रग्बी लीगमध्ये चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंतच (टॅकल म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून थांबवणे) संधी मिळते आणि बहुधा पाचव्या टॅकलनंतर चेंडू लाथेने पुढे धाडावा लागतो. त्यामुळे स्वतःच्या गोलरेषेजवळून सुरुवात करताना पहिल्या दोन-तीन टॅकलमध्ये किती मीटर पदरात पडतात, यावर पुढचा सगळा डाव अवलंबून असतो, आणि हे मीटर मिळवून देण्याचे काम मुख्यतः प्रॉपचे असते. समोर तीन बचावपटू त्याची वाट अडवून उभे आहेत हे ठाऊक असूनही तो पूर्ण वेगाने त्यांच्यावर धावून जातो.

खरी पारख मात्र त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत होते. अंगावर तिघे असताना तो पाठीवर पडला, तर उठायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बचावाची फळी दहा मीटर मागे जाऊन सावरते. गुडघे आणि कोपरे टेकून पालथा पडला, तर झटकन उभा राहून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि बचाव मागे हटत असतानाच पुढचा हल्ला सुरू होतो. विंगरने केलेल्या ट्रायचे मूळ पुष्कळदा दोन टॅकल आधीच्या या उठण्यात सापडते. आकडेवारीत त्याची नोंद ‘धावलेले मीटर’ एवढीच होते, आणि मला ती फार अपुरी वाटते.

वयाबद्दल सांगायचे तर, प्रॉपला वेगापेक्षा दमसास आणि कोन अधिक उपयोगी पडतात. खांदा कुठे द्यावा, कोणत्या क्षणी अंग वळवावे, बचाव करताना कोणाच्या पायांवर जावे, हे शेकडो सामने अंगावर घेतल्यावरच उमगते.

दुसरे उत्तर

याला दोन कारकिर्दींची जोड देतो. जेमी पीकॉक ब्रॅडफर्डकडून आणि नंतर लीड्सकडून खेळले आणि त्यांनी सुपर लीगचे नऊ अंतिम सामने जिंकले. २०१५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, लीड्सने चॅलेंज कप (बाद पद्धतीची स्पर्धा), साखळीतील अग्रस्थान आणि विजेतेपद ही तिन्ही मिळवली, तेव्हा ते पुढच्या फळीत उभे होते.

दुसरे आर्थर बीटसन. ८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पहिला स्टेट ऑफ ओरिजिन (क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या राज्यांचा) सामना झाला, त्या वेळी ते पस्तीस वर्षांचे होते आणि सिडनीत पॅरामॅटाच्या राखीव संघातून खेळत होते. तरीही क्वीन्सलँडने कर्णधारपद त्यांनाच दिले आणि सामना २०-१० असा जिंकला. टॅकल होत असतानाही हात मोकळा ठेवून चेंडू साथीदाराकडे सरकवण्याची त्यांची हातोटी वयाने कमी झाली नव्हती.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, परंतु शरीराने मोजलेली किंमतही कारकिर्दीच्या हिशेबात धरलीच पाहिजे. २०१४ च्या एनआरएल अंतिम सामन्यात पहिल्याच धडकेत सॅम बर्जेस यांच्या गालाचे हाड मोडले. ते तसेच संपूर्ण सामना खेळले, साउथ सिडनीने १९७१ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदकही त्यांनाच मिळाले. हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात आहे. पण खांद्याच्या दुखापतीमुळे त्याच बर्जेस यांना २०१९ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, खेळ सोडावा लागला, हे मात्र त्यासोबत क्वचितच सांगितले जाते. अशा सहनशीलतेचे मलाही कौतुक आहे. तिलाच थोरवीचा निकष मानणे मात्र मला मान्य नाही.

नियमही बदलत गेले आहेत. एनआरएलमध्ये २०१६ पासून एका सामन्यात खेळाडूंचे दहाऐवजी आठच बदल करता येऊ लागले. २०२० मध्ये, बचाव करणाऱ्या संघाने टॅकलनंतर खेळ रेंगाळवल्यास दंडाची किक न देता टॅकलची मोजणी पुन्हा सुरू करण्याचा नियम आला. परिणामी खेळ कमी थांबू लागला आणि केवळ वजनावर निभावणाऱ्या प्रॉपची मैदानावरील मिनिटे घटली. म्हणून दोन कालखंडांतील प्रॉपची तुलना करताना मी आधी मिनिटे पाहतो आणि मग मीटर.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल एका जुन्या सामन्याच्या चित्रफितीत पहिली वीस मिनिटे मी केवळ १० क्रमांकाच्या खेळाडूकडे पाहत राहिलो. टॅकल करून उठणे, दहा मीटर मागे धावणे, पुन्हा पुढे येणे, हे त्याने इतक्या वेळा केले की चेंडू हाती येईपर्यंत त्याचे पाय जड झाले असतील असे वाटले, तरीही त्याने धावेचा वेग कमी केला नाही. आता एक उपप्रश्न: हूकरलाही, म्हणजे दोन प्रॉपच्या मधल्या खेळाडूलाही, हाच निकष लावता येईल का?

चौथे उत्तर

पूर्णपणे नाही. हूकर फॉरवर्डमध्येच, म्हणजे धडक देणाऱ्या पुढच्या खेळाडूंतच, गणला जातो, परंतु जवळजवळ प्रत्येक टॅकलनंतर चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाला, किती लवकर द्यायचा हे त्यालाच ठरवावे लागते. कॅमरन स्मिथ यांनी मेलबर्न स्टॉर्मकडून ४३० सामने खेळले आणि धिप्पाड फॉरवर्डच्या मानाने त्यांची शरीरयष्टी साधीच होती. प्रॉप दम घेण्यासाठी बाहेर जात-येत असताना ते बहुधा पूर्ण ऐंशी मिनिटे मैदानावर राहत, त्यामुळे हूकरच्या बाबतीत मीटरचा आकडा मी जवळजवळ विचारातच घेत नाही. थकलेला प्रॉप कोणत्या बाजूला सावकाश मागे सरकत आहे हे हेरून चेंडू नेमका तिकडे वळवणे, यातच त्याचे कसब दिसते.