स्वस्तातला ५.१ रिसीव्हर: वापरणाऱ्यांनी खरं काय ते सांगा

सिडकोकर

नमस्कार मंडळी. नाशिकला फ्लॅट आहे, हॉल ११ बाय १६, टीव्ही ५५ इंची. चित्र झकास, आवाज मात्र डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. सिनेमात मारामारी सुरू झाली की आवाज कमी करायचा, नट बोलायला लागला की वाढवायचा. रिमोट हातातून सुटत नाही.

म्हणून ५.१ घ्यायचं डोक्यात आहे: समोर तीन स्पीकर, मागे दोन, जाड आवाजाला एक सबवूफर आणि हे सगळं चालवणारा रिसीव्हर. सगळं मिळून ४५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ जुना, पण चांगल्या अवस्थेतला, एकाकडे बघून आलोय. १७ हजार सांगतोय. दुकानात गेलो तर तिथला पोरगा एक डबाबंद सिस्टीम दाखवून म्हणाला, "काका, हजार वॅट!" आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे (म्हणजे फुगवून सांगितलेल्या वॅटचे) स्टिकर असायचे, तेव्हापासून वॅट म्हटलं की मी खिसा आवळतो.

विकणाऱ्यांचं ऐकून झालं, आता वापरणाऱ्यांनी सांगा. रोज लावता का, की महिन्याभरात कौतुक संपून त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी आली? ५.१ आता जुनं झालं का? आणि घरात बाकीच्यांना रिमोट जमतो का? (हा प्रश्न बायकोने घालायला लावलाय.)

पम्या_पिंपरी

साउंडबार घ्या आणि विषय संपवा. एक वायर, एक रिमोट. माझा रिसीव्हर दोन वर्षं माळ्यावर आहे, पाहिजे तर घेऊन जा.

वायरवाली_ठाणे

सिडकोकर, माझ्याकडे हाच रिसीव्हर आहे. २०१८ सालचं मॉडेल, मी जरा उशिराच घेतला. पाच वर्षं रोज चालतोय, वर रुमाल नाही. (घालूही नका. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, तिथे बोटभर नाही, चांगली वीतभर जागा मोकळी ठेवा.)

आधी वॅटचं. कंपनीच्या कागदावर १३५ वॅट असा आकडा दिसेल. तो एकच चॅनल चालू, एकच सूर, १० टक्के विकृती (आवाजाची मोडतोड) धरून काढलेला. त्याच कागदावर दुसरा आकडा आहे तो बघायचा: दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ६ ओहमला ७० वॅट. दोन्ही आकडे खरेच, पण घर दुसऱ्यावर चालतं. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून सिनेमा बघताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच्या आतबाहेरच काम चालतं. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे एका वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतला की फुकटात दुप्पट वॅटचा रिसीव्हर घेतल्यासारखं.

माझी चूक सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मी समोरच्या दोन स्पीकरना आणि सबवूफरला सगळे पैसे घातले आणि सेंटरला, म्हणजे त्या दोघांमधल्या स्पीकरला, उरलेसुरले. आता, सिनेमातलं बोलणं जवळपास सगळं सेंटरमधूनच येतं! म्हणजे नवरदेवाला पोलक्याचं कापड आणि वरातीच्या घोड्याला शालू. सहा महिने तसेच काढले, मग सेंटर बदलला. तुम्ही सुरुवात समोरच्या तिघांपासून करा, तिन्ही एकाच मालिकेतले घ्या. मागचे दोन साधे चालतील, दिवाळीला आणा.

आता जोडणी. वायर मी साधी घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल तांब्याची घेतली, लाल-काळी. 'ऑडिओफाइल' असं छापलेली स्वस्त वायर एकदा आणली होती. सोलली तर वरून तांब्याचा मुलामा आणि सुरीने खरवडल्यावर आत पांढरं ॲल्युमिनियम. मागच्या स्पीकरची वायर दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टीत नेली. नवऱ्याने पट्टी तिरकी ठोकली आहे, ती अजून तशीच आहे, पाहुणे बघतात.

रिसीव्हरबरोबर एक लहानसा माइक येतो, वायपीएओ नावाच्या मोजणीसाठी. जुना घेताय ना, तर माइक मागून घ्या, नाही म्हणाला तर हजार-दोन हजार कमी करा. बसायच्या जागी, कानाच्या उंचीला माइक ठेवायचा. माझ्याकडे कॅमेऱ्याचा स्टँड नव्हता, म्हणून स्टूल, त्यावर तांदळाचा डबा, त्यावर पोळपाट उपडा. पंखा बंद, मुलं बाहेर. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून फुस्सफुस्स आवाज काढून अंतर आणि पातळी मोजत जातो. चौथ्या स्पीकरला शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि मोजणी रद्द. दुसऱ्यांदा पूर्ण झाली, तर पडद्यावर डब्ल्यू-१, आउट ऑफ फेज. मागच्या डाव्या स्पीकरला लाल-काळी उलटी लागली होती. मी स्वतः लावलेली, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. समोरच्या जोडीत एक स्पीकर असा उलटा लागला, तर बास पातळ होतो आणि मधोमध येणारा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. नीट लावूनही कधी कधी ही सूचना येते, तेव्हा मागे जाऊन एकदा डोळ्यांनी बघायचं आणि सोडून द्यायचं.

मोजणीनंतर दोन गोष्टी हाताने बदलल्या. स्पीकर 'लार्ज' धरले होते ते 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला. म्हणजे त्याखालचा जाड आवाज सबवूफरकडे जातो, लहान स्पीकर उगाच धापा टाकत नाहीत. आणि सेंटरची पातळी ३ डेसिबल वाढवली.

तुमच्या रिमोटच्या खेळावर औषध आहे: ॲडॅप्टिव्ह डीआरसी. रात्री आवाज लहान ठेवला की हे मोठ्या-छोट्या आवाजातली दरी कमी करतं. सिनेमाचा रुबाब थोडा जातो, पण घर झोपलेलं राहतं.

आणि एक जागा जिथे निम्मी जनता फसते. ओटीटीवरचं ५.१ टीव्हीमधून एआरसीच्या वायरने (टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे आणणारी एचडीएमआयची वायर) रिसीव्हरला येतं, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर असेल तर येतं फक्त स्टीरिओ. मागचे स्पीकर गप्प, किंवा रिसीव्हर आपल्या मनाने त्यांना काहीतरी खाऊ घालतो. 'ऑटो' किंवा 'पास थ्रू' करा. रिसीव्हरच्या पाटीवर डॉल्बीचं नाव दिसलं पाहिजे. मला हे कळायला दोन महिने लागले. तोवर मी पाहुण्यांना "ऐका, मागून पाऊस पडतोय" म्हणून सांगत होते आणि तेही बिचारे "हो हो" म्हणत होते.

रिमोटचं. एचडीएमआय कंट्रोल चालू केलं की टीव्ही लावल्यावर रिसीव्हर आपोआप उठतो आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना रिसीव्हर घरात आहे हेच माहीत नाही. सेंटर बदलला त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. रोजच्याप्रमाणे त्यांनी मालिका लावली, पाच मिनिटांनी म्हणाल्या, "आज ही बया पुटपुटत नाहीये." माझ्यासाठी पाच वर्षांतला सगळ्यात मोठा अभिप्राय हाच.

५.१ जुनं झालं का? या रिसीव्हरला ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) कळत नाही, ते खरं. पण ओटीटीवरचं ॲटमॉस ज्या डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, त्यातलं ५.१ तो व्यवस्थित काढून वाजवतो. फक्त छतावरून हेलिकॉप्टर जात नाही. आमच्या छतावर पंखा आहे, तो पुरतो. तुमचा मुलगा गेम खेळत असेल आणि त्याला ४के चित्रात सेकंदाला १२० फ्रेमचं वेड असेल, तर हा घेऊ नका, ६० च्या पुढे जाणार नाही. मग गेमचा डबा थेट टीव्हीला लावावा लागेल.

गुहागरचा_बाबल्या

ताईंनी सगळं सांगितलं, विजेचं राहिलं. माझा दुसऱ्या कंपनीचा. मे महिन्याच्या शेवटी वळीव आला, मी शहाण्यासारखा मेन प्लग काढला. डिशच्या छत्रीची केबल तशीच राहिली. सेट टॉप बॉक्स गेला आणि त्याच्यातून एचडीएमआयच्या वायरने रिसीव्हरचं एचडीएमआय बोर्ड. सर्व्हिसवाल्याने बोर्डची किंमत सांगितली, नव्या रिसीव्हरच्या निम्म्याहून जास्त. आता तो फक्त गाण्यांना चालतो, ब्लूटूथवर. आकाश काळं झालं की छत्रीची केबलसुद्धा काढा.

जुना घेताना एचडीएमआयची *प्रत्येक* खाच चालवून बघा. व्ही३८५ ला आत येणाऱ्या ४ आहेत, बाहेर जाणारी १. विकणारा एकच लावून दाखवतो.

मी_खालच्या_मजल्यावरचा

रिसीव्हर नाही, पण पाच वर्षं ऐकतोय, त्यामुळे मतही देतो. वरच्यांचा सबवूफर थेट फरशीवर आहे. बोलणं मला एक शब्द ऐकू येत नाही, फक्त धुम्म. माझ्या शोकेसमधल्या काचेच्या बरण्या वाजतात. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर साडेआठ मीटर लांब असते, तिला तुमची सहा इंची स्लॅब काय अडवणार? निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांप्रमाणे. मला भांडायचं नाही. कोपऱ्यातून काढून पुढे आणा आणि दहानंतर बंद करा, एवढंच.

वायरवाली_ठाणे

खालच्या मजल्यावरचे, बरोबर आहे तुमचं. कोपऱ्यात ठेवला की सबवूफर फुकटचा फुगतो, म्हणून सगळे तिथेच ठेवतात. मी खाली जाड रबराचा तुकडा घातलाय. फरशीची थरथर कमी होते, हवेतून जाणारं धुम्म त्याने थांबत नाही. आमच्याकडे साडेनऊला बंद.

पम्या, माळ्यावरचा कुठला आहे?

पम्या_पिंपरी

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवला होता, दर अर्ध्या तासाने आपोआप बंद व्हायचा. दुकानदार म्हणाला बिघडला. आता तुमचं वीतभर जागेचं वाचून शंका येतेय.

वायरवाली_ठाणे

उतरवा आणि उघड्यावर लावून बघा. मागे स्पीकरच्या टर्मिनलवर वायरचा एखादा केस शेजारच्या खिट्टीला टेकलाय का तेही बघा, त्यानेही जीव वाचवायला बंद पडतो.

सिडकोकर

सगळ्यांचे आभार. काल घेऊन आलो, साडेपंधराला. माइक नव्हता म्हणाला, मी निघालो तर चपला घालेपर्यंत सापडला. चारही खाचा चालल्या. सध्या समोरचे तिघेच लावलेत, मागचे दिवाळीला.

मोजणीला बायकोने फोडणी टाकायची थांबवली, हे नमूद करायला सांगितलंय. डब्ल्यू-१ आलं. उजवा उलटा होता.