मदत हवी आहे: बाबांना न्यूयॉर्क-जर्सीच्या आसपास गोल्फ खेळायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जूनच्या शेवटी आई-बाबा पुण्याहून दोन महिन्यांसाठी येतायत. आईची काळजी नाही, तिला नातवंडं आणि मागच्या अंगणातला भाजीचा वाफा पुरतो. बाबांसाठी मदत हवी आहे.

बाबा 72 वर्षांचे, लष्करातून निवृत्त. गोल्फ त्यांच्या हातात तसं उशिराच आलं, चाळिशीच्या आसपास, राजस्थानातल्या एका छावणीत. तिथे प्यायच्या पाण्याची मारामार, हिरवळ कुठून राखणार? त्यामुळे ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) जागी 'ब्राउन' असायचे, म्हणजे वाळूत तेल मिसळून दाबून केलेलं गोल अंगण. पट (चेंडू होलकडे घरंगळवायचा हलका फटका) मारायच्या आधी लांब दांड्याला आडवी फळी लावलेल्या ओढणीनं वाळू सारखी करावी लागे. मी आठ-नऊ वर्षांची होते, सुट्टीच्या दिवशी ते काम माझ्याकडे असायचं. चेंडूपासून होलपर्यंत एक गुळगुळीत पट्टा ओढायचा आणि त्यावर पावलाचा ठसा राहू द्यायचा नाही. पट्टा पुरा होईपर्यंत बाबा एक शब्द बोलत नसत. मी गोल्फ खेळत नाही, पण गोल्फ म्हटलं की मला तो पट्टा दिसतो.

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांचा चौघांचा फोरबॉल होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा वाजता, सतरा वर्षं. त्यातले एक काका मागच्या दिवाळीनंतर गेले, दुसरे मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले. बाबा अजून मैदानावर जातात, पण नऊ होल खेळून परत येतात. पूर्वी फोनवर 'आज कसं झालं?' विचारलं की अठराच्या अठरा होल ऐकवायचे. आता 'ठीक' म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून यंदा त्यांचं खेळणं मला नीट जमवायचंच आहे.

2019 मध्ये ते आले तेव्हा माझ्याकडून मोठी चूक झाली. घराजवळ एक सुंदर मैदान दिसलं म्हणून काही चौकशी न करता एका रविवारी त्यांना बॅगेसकट घेऊन गेले. तो क्लब फक्त सदस्यांसाठी होता. फाटकावरच्या माणसानं गाडी वळवायला सांगितली. बाबा पांढरा टी-शर्ट, टोपी घालून, बूट चकचकीत करून बसले होते. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. पुढचे पाच आठवडे हॉलमधल्या गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवून पटिंग करत होते. पहाटे त्या पेल्याचा टण् असा आवाज यायचा. तो आवाज यंदा नको.

आता मुद्द्याचं. बाबांच्या मनात एकच मैदान आहे: लाँग आयलंडवरचं बेथपेज ब्लॅक. टायगर वुड्सनं 2002 ची गोल्फची यूएस ओपन तिथे जिंकली तेव्हापासूनच. 2025 च्या सप्टेंबरात तिथे रायडर कप (अमेरिका विरुद्ध युरोप) झाला, युरोपनं 15-13 असा जिंकला, तो त्यांनी पुण्यात तिन्ही दिवस जागून पाहिला. 'सरकारी मैदान आहे, पैसे भरले की कुणालाही खेळता येतं' हे त्यांना पक्कं माहीत आहे. माझी अडचण अशी की त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला आहे आणि ब्लॅकवर गाडी (मैदानात फिरायची गोल्फ कार्ट) मिळत नाही, पूर्ण चालावं लागतं म्हणे. शिवाय पुण्यात बॅग उचलायला कायम कॅडी असतो, इथे ती सोय कुठे दिसत नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगा: ब्लॅकचा हट्ट धरू द्यावा का? नाहीतर एडिसनपासून तास-दीड तासात, ज्याला काही इतिहास आहे, जिथे गेल्यावर त्यांना 'अमेरिकेत खेळून आलो' असं वाटेल, अशी कोणती मैदानं आहेत? एकटा माणूस गेला तर खेळायला घेतात का? मला न खेळता सोबत राहता येईल का? आणि विमानातून क्लब (खेळायच्या दांड्या) आणावेत की इथे भाड्यानं घ्यावेत?

– पारिजातक

---

वाटसरू:

ताई, मी लाँग आयलंडवर राहतो, बेथपेजच्या पाचही मैदानांवर बऱ्याचदा खेळलोय, म्हणून आधी ब्लॅकबद्दल लिहितो.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. गाडी नाही. कॅडी ठरवता येतो, त्यामुळे बॅगेचा प्रश्न सुटेल, पण पायांचा सुटत नाही. दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते: ब्लॅकवर नऊ होल खेळून थांबायची सोय नाही. पहिला होल झाला की राउंड स्वॉम्प रोड ओलांडून पलीकडे जायचं, आणि चौदावा होल संपल्यावरच परत अलीकडे यायचं. मध्ये क्लबहाऊस येत नाही. गुडघ्यानं सातव्या होलला असहकार पुकारला तर तिथून चालतच यावं लागेल. आणि परत आल्यावर समोर पंधरावा, ज्याचं ग्रीन चांगलं उंच टेकाडावर आहे. धडधाकट माणसाला तिथे दम लागतो. पहिल्या टीजवळ (पहिला फटका मारायच्या जागेजवळ) पाटी आहे, हे मैदान अतिशय अवघड आहे, फक्त निष्णात खेळाडूंनीच यावं अशी सूचना देणारी. ती शोभेसाठी लावलेली नाही.

आरक्षणाचंही सांगतो. न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना आधी संधी मिळते, बाहेरच्यांना नंतर, आणि फी जवळपास दुप्पट. ज्यांना ऑनलाइन मिळत नाही ते आदल्या रात्रीपासून वाहनतळावर क्रमांकाच्या जागेत गाडी लावून झोपतात. मी तरुणपणी दोनदा झोपलोय. 72 वर्षांच्या माणसाला तसं झोपवू नका.

पण बेथपेजला न्या. नक्की न्या. तिथलं 'रेड' मैदानही ब्लॅकचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्याच टिलिंगहास्ट या मैदान आखणाऱ्याचं आहे, आणि तिथे गाडी मिळते. पहिलाच होल लांब आणि चढाचा आहे, बाबांना आव्हान कमी पडणार नाही. हे सगळं 1930 च्या दशकात, मंदीत बेकार झालेल्या लोकांना काम मिळावं म्हणून राज्यानं उभं केलं. खेळून झालं की ब्लॅकच्या पहिल्या टीपाशी उभं राहून लोकांचे फटके बघा, त्या पाटीजवळ फोटो काढा. आरक्षण माझ्या नावावर करतो, मीही खेळेन.

विंग्ड फूट, बाल्टसरॉल, शिनकॉक हिल्स ही नावं बाबांच्या तोंडी असतीलच, 2026 ची यूएस ओपनही जूनमध्ये शिनकॉकलाच ठरली. पण ती सगळी खासगी. सदस्यानं बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. तुम्हाला फाटकावरून परतावं लागलं ते वाचून वाईट वाटलं. इथे नावात 'कंट्री क्लब' असेल तर आधी फोन करायचा. 'काउंटी', 'स्टेट पार्क', 'म्युनिसिपल' असेल तर बिनधास्त जायचं.

---

खडीसाखर:

एडिसन म्हणजे मिडलसेक्स काउंटी. काउंटीचं टॅमरॅक मैदान ईस्ट ब्रन्सविकला आहे, 36 होल, तुमच्यापासून अगदी जवळ. काउंटीत राहत असल्याचं ओळखपत्र करून घ्या, स्वस्त पडतं. प्रवासाचा शीण गेला की पहिली फेरी तिथेच खेळू द्या. फार नावाजलेलं नाही, पण हात बसायला उत्तम. केनिलवर्थचं गॅलपिंग हिलही चांगलं, मात्र नावाप्रमाणे चढ-उताराचं, तिथे गाडी घ्याच.

एकट्या माणसाला सगळीकडे घेतात. स्टार्टर (खेळाडूंना क्रमानं सोडणारा माणूस) दोघा-तिघांच्या गटात जोडून देतो. सोबत बसणाऱ्याला काही ठिकाणी थोडे पैसे घेऊन परवानगी देतात, काही ठिकाणी नाही, आधी विचारून ठेवा. शनिवार-रविवार टाळा, शहरातल्या सार्वजनिक मैदानांवर एकेक फेरी पाच-साडेपाच तास रेंगाळते.

क्लब त्यांचेच आणा, या वयात परक्या क्लबनं मजा येत नाही. बाहेरून कडक आवरण असलेली बॅग घ्या. ड्रायव्हरचं (सर्वांत लांब क्लबचं) डोकं निघत असेल तर काढून कपड्यात गुंडाळा, आणि ड्रायव्हरपेक्षा थोडी लांब काठी बॅगेत उभी ठेवा म्हणजे वरून पडलेला भार काठीवर येतो. माझ्या थ्री वूड क्लबचं मुंबई विमानतळावर दोन तुकड्यांत दर्शन झालं, तेव्हापासून मी काठीशिवाय प्रवास करत नाही.

आणि एक महत्त्वाचं: चेंडू उंच गवतात गेला तर शोधायला जाऊ देऊ नका. इथल्या गवतात गोचिडी असतात, त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. लांब मोजे, आणि घरी आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा नीट तपासायची. आपल्याकडून येणाऱ्या मंडळींना याची कल्पना नसते.

---

निळीशाई:

ब्लॅक, रेड सगळं ठीक, पण तुमच्या बाबांचं मैदान मला वेगळंच वाटतंय. ब्रुकलिनचं डायकर बीच.

कारण सांगते. टायगर वुड्सचे वडील अर्ल वुड्स लष्करात लेफ्टनंट कर्नल होते. 1972 च्या सुमारास त्यांची नेमणूक ब्रुकलिनमधल्या फोर्ट हॅमिल्टनला होती. तोवर त्यांनी गोल्फला हात लावला नव्हता. चाळिशीतला तो फौजी पहिल्यांदा गोल्फ शिकला तो डायकर बीचवर. टायगरचा जन्म त्यानंतर, 1975 च्या डिसेंबरात. म्हणजे ब्लॅकवर 2002 मध्ये जे घडलं त्याची सुरुवात या साध्या, शहराच्या मैदानावर झाली. तुमचं राजस्थानच्या छावणीचं वाचलं आणि लगेच हेच डोळ्यांसमोर आलं.

मैदान फार चढाचं नाही, गाडी मिळते, झाडं जुनी आणि मोठी आहेत, अधूनमधून व्हेराझॅनो पूल डोकावतो. एडिसनहून गोथल्स पूल, स्टेटन आयलंड, मग व्हेराझॅनो पूल उतरलात की पोचलातच. टोल मात्र दोन्ही पुलांवर आहे.

इतिहासच हवा असेल तर ब्रॉन्क्समधलं व्हॅन कॉर्टलंड आहे, 1895 चं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक मैदान. सबवेच्या 1 नंबरच्या गाडीनं शेवटच्या स्थानकापर्यंत जायचं, तिथून चालत. पाठीवर बॅग घेऊन सबवेत बसलेले लोक तिथेच बघायला मिळतात. पण शेवटचे होल चढाचे आहेत, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. फेरी पॉइंट हे नामवंत गोल्फपटू निकलॉसनं कचराभूमीवर उभारलेलं, दिसायला देखणं, पण फी बघून बाबा तुम्हाला रागावतील. त्यापेक्षा जर्सी सिटीचं स्कायवे, नऊच होल, तेही जुन्या कचराभूमीवरच, 2015 मध्ये सुरू झालेलं. ते करून जर्नल स्क्वेअरजवळ न्यूअर्क अव्हेन्यूला भारतीय हॉटेलांत जेवायला जा, तुम्ही सगळेच खूश.

---

पारिजातक:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री बाबांना फोन केला. ब्लॅकवर नऊ होलनंतर परतता येत नाही हे सांगितलं. मला वाटलं वाद घालतील. ते म्हणाले, 'रस्त्याचं मला माहीत नव्हतं.' एवढंच. मग डायकर बीच आणि अर्ल वुड्सचं वाचून दाखवलं, निळीशाईंनी लिहिलं तसंच्या तसं. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, 'लेफ्टनंट कर्नल होता हे ठाऊक होतं. कुठे शिकला ते नव्हतं ठाऊक.' आणि मग एकामागून एक प्रश्न: पहिला होल पार किती (म्हणजे किती फटक्यांत पुरा करायचा)? ग्रीन वेगवान आहेत का? वारा खाडीवरून येतो का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आईनं मागून सांगितलं की फोन ठेवल्यावर ते माळ्यावरून प्रवासाची बॅग काढायला लागलेत. अजून दोन महिने आहेत!

वाटसरू दादा, बेथपेजला रेड नक्की. पाटीजवळ फोटो काढायचा हेही त्यांना पटलंय, पण 'आत पाऊल टाकणार नाही, बाहेरूनच बघेन' म्हणाले. खडीसाखर, टॅमरॅकचं ओळखपत्र या शनिवारी करून घेते, आणि गोचिडीचं फ्रीजवर लिहून लावलंय.

डायकर बीचला जुलैतल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी लवकरची वेळ घ्यायची म्हणतेय. मुद्दाम गुरुवार, त्यांचा पुण्यातलाही तोच वार होता. निळीशाई येते म्हणाल्यात, वाटसरू दादाही सुट्टी काढतायत. बाबा धरून तीन झाले. चौथी जागा स्टार्टरवर सोडायची नाही, मराठी बोलणारं कुणी असेल तर फार बरं होईल. हॅंडिकॅप (खेळातली पातळी) कितीही चालेल. कुणी येऊ शकेल का?