बाळ एनआयसीयूत आहे, बहिणीच्या मनाला आधार कसा द्यावा?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, समजून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीची डिलिव्हरी तिसाव्या आठवड्यातच झाली, मुलगी आहे, वजन 1200 ग्रॅम, सध्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पेटीत ठेवलंय. डॉक्टर, सिस्टर सगळे चांगले आहेत, उपचारांचं काही विचारायचं नाहीये, प्रश्न बहिणीच्या मनाचा आहे.

पाचवीची पूजा राहिली. आमच्याकडे त्या रात्री पाटा-वरवंटा पूजतात, शेजारी कोरा कागद आणि पेन, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. हिच्या डोक्यात तेच बसलंय, "ताई, कागदच ठेवला नाही गं, मग तिने माझ्या पोरीचं काय लिहिलं असेल?" यावर काय बोलावं मला खरंच सुचत नाही. त्यात तिच्या सासूबाई म्हणाल्या सोयर आहे, देवाचं काही म्हणू नकोस. लहानपणापासून रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणणारी मुलगी, आता पंपाने दूध काढत बसते तेव्हा ओठ घट्ट मिटलेले. माझं विचाराल तर नामस्मरणाला कसलं आलंय सोयर-सुतक, आमचे आजोबा माळकरी, ते हेच म्हणायचे, पण तिच्या सासरी मी काय बोलणार.

दूध थेंबथेंबच येतंय म्हणून वेगळं रडणं. बाळाला सध्या मिल्क बँकेतलं दूध देतायत. सायन हॉस्पिटलात अशी बँक 1989 पासून आहे हे तिला सांगितलं, कुणा अनोळखी आईने दिलेलं दूध बाळाच्या पोटात जातंय म्हटल्यावर तिने एकदम हात जोडले.

तर ज्यांची बाळं अशी आत होती त्या आयांनी काय केलं? पाचवी कुणी घरी आल्यावर केली का? मुंबईत एखादे कीर्तनकार, गुरुजी, समुपदेशक माहीत आहेत का जे तिच्याशी फोनवर शांतपणे बोलतील? खडे, ग्रहशांती सांगणारे नकोत प्लीज, तसे नातेवाइकांनी पुष्कळ सुचवलेत. टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तिला देणारच आहे, पण तिला देवाधर्माचंही बोलायचंय आणि ते हसण्यावारी न नेणारं माणूस हवंय.

बाळ जरा स्टेबल झालं की कांगारू केअर सुरू करू म्हणालेत, म्हणजे उघड्या छातीशी धरून बसायचं. तेव्हा हळू आवाजात म्हणता येईल असं काही, ओवी, अंगाई, तुम्ही जे म्हटलं असेल ते इथे टाका. आणि सासूबाईंना समजावेल असं कुणी वडीलधारं असेल तर मेसेज करा, मी फोन जोडून देते.