मदत हवी आहे : पहिला कथासंग्रह साहित्य संस्कृती मंडळाकडे पाठवू का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघतो. लिहायला कुणी शिकवलं नाही. वाचनालयातली पुस्तकं वाचत, पाळी सुटल्यावर वहीत खरडत शिकलो. आता संग्रहाएवढ्या कथा झाल्यात. एक प्रकाशक म्हणतो, पैसे भरा, छापतो. (मग मी लेखक की गिऱ्हाईक?) दुसरा रस्ता महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाचा, म्हणजे नव्या लेखकाचं पहिलं पुस्तक छापायला मिळणाऱ्या मदतीचा. तिथं कुणी संग्रह पाठवलाय का? वाट किती बघावी लागते?

अजून एक. माझी पात्रं भांडता भांडता मराठीतून तेलुगूत शिरतात, आमच्याकडे बोलतातच तसं. ते तसंच ठेवू की खाली अर्थ देऊ? अनुभव असलेल्यांनी सांगा. नुसतं ‘लिहीत राहा’ नको, ते चालूच आहे.