मदत हवी आहे: बेघर निवाऱ्याला सोसायटीचा विरोध, सभेत काय मांडू?

नमस्कार मंडळी. आमच्या भागात पालिकेच्या रिकाम्या इमारतीत बेघरांसाठी निवारा होणार असं कळलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच गदारोळ उठला. चोऱ्या वाढतील, फ्लॅटचे भाव पडतील, मुलींनी संध्याकाळी खाली उतरायचं कसं... वॉर्ड ऑफिसला द्यायच्या निवेदनावर सह्या सुरू आहेत. मी सही करणार नाही. पण रविवारच्या सभेत नुसती माणुसकीची भाषा चालणार नाही.

मला राहून राहून वाटतं, ही माणसं बाहेरून येणार नाहीत, ती आधीपासून इथेच आहेत. उड्डाणपुलाखाली झोपणाऱ्यांत नाक्यावरचे मजूर आहेत, कचरा वेचणाऱ्या बाया आहेत, सिग्नलवर गजरे विकणारी कुटुंबं आहेत. निवारा झाला तर त्यांना संडास आणि पाणी तरी मिळेल. रस्त्यावर झोपणाऱ्या बाईची भीती आपल्या चर्चेत येतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

लाखभर शहरी लोकसंख्येमागे एक निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. त्यासाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तरतूदही झाली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत नऊ लाखांहून जास्त बेघर नोंदले गेले.

तुमच्यापैकी कोणाच्या घराजवळ असा निवारा आहे का? सुरू झाल्यावर शेजाऱ्यांचा अनुभव काय? रात्रीची देखरेख कोण करतं, तक्रार कुठे करायची? शक्य असेल तर सभेआधी लिहा.