हाडांच्या सापळ्यांपलीकडे

चित्रकथांमधला दुष्काळ म्हणजे नुसते हाडांचे सापळे, कारणं कुठेच नाहीत, अशी एक तक्रार वाचली आणि ती बरीचशी पटली. पण १९४३च्या बंगालच्या दुष्काळावरचं चित्रकार चित्तप्रसाद यांचं 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक त्यातून वगळावं लागेल. नोव्हेंबर १९४३मध्ये ते तिथल्या मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडले आणि शाईची रेखाटनं नि वृत्तान्त शेजारीशेजारी ठेवले. त्यामुळे चित्रातला भुकेला माणूस निनावी उरत नाही. ब्रिटिश सरकारने जवळपास सगळ्या, म्हणजे ५००० प्रती नष्ट केल्या. नुसत्या करुणेला कोण कशाला घाबरेल? (हे चित्तप्रसाद पुढे आपल्या अंधेरीत राहिले, पण इथे त्यांचं नाव क्वचितच निघतं.)

त्याच दुष्काळाची चित्रं काढणारे झैनुल आबेदिन यांचं उलट. स्वस्त कागद, जाड फटकारे, माणसं आणि कावळे, मजकूर नाहीच. चित्र म्हणून मला तीच जास्त भिडतात, पण 'का' हा प्रश्न तिथे बाहेरच राहतो.

आणि कारणं चित्रात आणता येत नाहीत, हे मला मान्य नाही. जपानी येतील म्हणून १९४२मध्ये सरकारने बंगालच्या किनारपट्टीतल्या हजारो होड्या काढून घेतल्या, हेही दुष्काळाचं एक कारण. होड्यांशिवायचा घाट काढता येतोच की.