मदत हवी आहे: शिकवण्याचा अनुभव शून्य, टीचिंग स्टेटमेंटमध्ये काय लिहू?

रानजाई
तिसऱ्यांदा फाइल उघडून बंद केली. लेक्चररच्या जागेसाठी बोलावणं आलंय. एक पानाचं टीचिंग स्टेटमेंट (मी कसं शिकवते, का तसं शिकवते याचं टिपण) हवंय, शिवाय पॅनेलसमोर दहा मिनिटं शिकवून दाखवायचंय. चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतेय, वर्गात एकदाही उभी राहिलेली नाही. बॉसचं म्हणणं, ग्रँट संशोधनासाठी आहे, तू वर्गात कशाला जातेस. एखादा कोर्स करू का? कुठला? लवकर सांगा. 'शिकवण्याची आवड आहे का ते आधी ठरवा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

खडूफळा
ताई, नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) झालंय का? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे विद्यापीठातल्या उमेदवारांच्या छाननीत नेट-जेआरएफला (संशोधन शिष्यवृत्तीसह नेट) ७ गुण, नुसत्या नेटला ५, सेटला ३. शिकवण्याचा किंवा पोस्टडॉकचा अनुभव वर्षाला २, जास्तीत जास्त १०. तुमचे ८ आत्ताच खिशात आहेत. घाबरता कशाला?

भटक्या८२
खडूफळा, जागा भारतातली आहे असं त्या कुठे म्हणाल्या? आपल्याकडे 'लेक्चरर' हा हुद्दा सहाव्या वेतन आयोगानंतर गेला, असिस्टंट प्रोफेसर झाला.
रानजाई, देश? विषय? व्हिसा? मी अमेरिकेत आहे. इथे सर्टल म्हणून विद्यापीठांचं एक जाळं आहे, विस्कॉन्सिन-मॅडिसनमधून २००३ मध्ये सुरू झालेलं. पोस्टडॉकना ऑनलाइन कोर्स मिळतात, पण आपलं विद्यापीठ सभासद असावं लागतं. मी केला. पहिल्याच आठवड्यात कळलं की मी आजवर विद्यार्थ्यांना नाही, स्लाइडना शिकवत होतो. आणि जे-१ व्हिसावर रिसर्च स्कॉलर असाल तर वर्ग घेण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

खडूफळा
हुद्दा गेला, तासिका तत्त्व राहिलं ना! सात वर्षं काढली मी त्यावर. सुट्टी लागली की मानधन बंद. ऐंशी पोरं, माइक नाही, पंखा नाही. कोर्स-बिर्स काही केला नाही. पाण्यात ढकललं की पोहता येतंच.

मुंगीउडाली
किती बुडाले ते त्या ऐंशी पोरांना विचारायला हवं.

खडूफळा
निकाल ९२ टक्के होता.

भटक्या८२
निकाल गाइडचा की तुमचा?

रानजाई
भांडू नका. इंग्लंड. मॉलिक्युलर बायॉलॉजी. लेक्चरर म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

मुंगीउडाली
मग माझ्याच गल्लीतली आहेस. कोर्स आत्ता विसर, त्याला महिने जातात. पुढे-मागे अॅडव्हान्स एचई या ब्रिटनमधल्या उच्चशिक्षण संस्थेची असोसिएट फेलोशिप (शिकवण्याच्या कामाला मिळणारी मान्यता) घे, पोस्टडॉकना तीच सोयीची. त्यांच्या चौकटीत कामाची पाच क्षेत्रं आहेत: आखणी, शिकवणं, मूल्यमापन आणि फीडबॅक, विद्यार्थ्यांना आधार, स्वतःचं शिकणं. असोसिएटसाठी त्यातली दोन पुरतात. बॉसला सांगायचं तर: संशोधकांच्या कॉन्कॉर्डॅटवर (संशोधकांना कसं वागवायचं याचा ब्रिटनमधला करारनामा) तुझ्या विद्यापीठाची सही असेल तर पूर्णवेळ संशोधकाला वर्षाला किमान १० दिवस स्वतःच्या विकासासाठी द्यायचे असतात. २०१९ च्या आवृत्तीत आहे. 'वर्गात कशाला' याचं उत्तर तिथे मिळेल.
आता एक सांग, तुझ्या हाताखाली एमएस्सी प्रोजेक्टची मुलं नाहीत?

रानजाई
दोघं आहेत. पण ते प्रयोगशाळेतलं बेंचवरचं काम, त्याला शिकवणं थोडंच म्हणतात.

मुंगीउडाली
अगं बाई. चार वर्षांत किती झाली? एकाचा तरी किस्सा सांग.

रानजाई
सहा. गेल्या महिन्यातलं सांगते. एकाने जेल (ज्यातून वीज सोडून डीएनएचे तुकडे वेगळे करतात तो थर) लावलं, दहा मिनिटांनी बघतो तर नमुन्यातला निळा डाय विहिरीतून, म्हणजे नमुना भरायच्या खाचेतून, पुढे सरकायच्या ऐवजी मागच्या कडेला चाललेला. तो वायर उपटायला धावला. मी म्हटलं, फक्त पॉवर बंद कर. डीएनएवर भार कुठला? ऋण. मग जाणार कुठे? धन टोकाकडे. आता वायरी बघ. लाल, म्हणजे धन, वायर विहिरींच्या बाजूला होती. तो स्वतःच हसायला लागला. दुसऱ्या दिवशी मी दोघांना सांगितलं, सुरू करण्याआधी डीएनएची वाट बोटाने दाखवायची. तेव्हापासून उलटं लागलेलं नाही.

मुंगीउडाली
हेच लिही! उत्तर हातात न देता विचारत नेलंस, चूक कुठे होते ते पाहून पद्धत बदललीस, बदलाचा परिणामही बघितलास. पॅनेलला हेच हवं असतं. त्यांच्या थीसिसच्या कच्च्या मसुद्यांवर शेरे देतेस ना? तो फीडबॅक. म्हणजे दोन क्षेत्रं झाली. 'अनुभव शून्य' हे वाक्य आधी खोड. दहा मिनिटांसाठीही जेलच घे. स्लाइड तीनच, पहिल्यावर उलटं लागलेलं जेल, आणि पॅनेललाच विचार काय चुकलं.

भटक्या८२
सहमत. फक्त 'विद्यार्थीकेंद्री' हा शब्द टाळा, प्रत्येक अर्जात असतो.

अण्णा_पारावरचे
विषयांतर होतंय, पण पोस्टडॉकला मराठीत काय म्हणायचं? 'पीएचडीपश्चात संशोधक' उत्तरक्रियेसारखं वाटतं.

खडूफळा
'तासिका तत्त्व' म्हणा, अर्थ तोच. रानजाई, जेलचं कळलं नाही, मी कॉमर्सचा. पण पोराला वायर स्वतः बघायला लावली हे आवडलं. मी सरळ ओरडलो असतो.

मुंगीउडाली
मसुदा इथे टाक, रात्री बघते. मुलाखत कधी आहे?

रानजाई
परवा.

मुंगीउडाली
काय??